मणक्याचं ऑपरेशन ठरलंय? दुखण्याचा बंदोबस्त आधीच करा

मागावर आयुष्य काढलेल्या माणसाची कंबर पन्नाशीच्या आतच कुरकुरायला लागते. खड्ड्यात पाय सोडून, पुढं वाकून, हात धोट्यावर आणि पाय पावड्यांवर ठेवून दिवस काढायचा, तर दुसरं काय होणार? बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात यंत्रमाग आले, खड्डा गेला, पण वाकून तुटका धागा जोडणं काही सुटलं नाही. निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची आणि मोळ्या डोक्यावर घेऊन उसाची गाडी भरणाऱ्या गड्यांची तीच गत. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’ हे बोलणं आपल्याकडं घरोघरी ऐकू येतं.

यातल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. सरकलेल्या गादीमुळं पायात उतरणारी कळ बऱ्याच जणांच्या बाबतीत सहा ते बारा आठवड्यांत औषधं आणि व्यायाम यांवर ओसरते. ज्यांना ऑपरेशन लागतं, ते डॉक्टरांना खर्च विचारतात, परत चालता येईल का विचारतात, कामावर कधी जाता येईल विचारतात. ‘ऑपरेशननंतर किती दुखेल आणि त्यासाठी तुम्ही आधीपासून काय करणार?’ हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. ‘दुखणारच, सोसायला पाहिजे’ असं गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतच मुळात चुकीचं आहे. दुखणं कमी ठेवायची सोय ऑपरेशनच्या आधीपासून करता येते. त्यात डॉक्टरांचा वाटा जेवढा आहे, जवळजवळ तेवढाच तुमचाही आहे.

आधी एक इशारा देतो. लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि तडक दवाखाना गाठा. अशा वेळी गोळ्या घेऊन वाट बघण्यात कायमचं नुकसान होऊ शकतं.

आधी औषध कशासाठी?

त्वचेला, स्नायूंना, हाडाला काप गेला की दुखण्याचे संदेश मज्जारज्जूकडं धावतात. भुलीमुळं तुम्हाला काही कळत नसतं, पण मज्जारज्जूला ते पोचत असतात. संदेशांचा मारा फार झाला की तिथल्या पेशी अतिसंवेदनशील होतात, आणि मग शुद्धीवर आल्यावर साधा स्पर्श, साधं कूस बदलणंही झोंबतं. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. १९८८ मध्ये पॅट्रिक वॉल यांनी मुद्दा मांडला की दुखणं उठल्यावर त्याच्या मागं धावण्यापेक्षा ते आधीच रोखायला हवं. मागावर एक धागा तुटलेला वेळीच दिसला नाही तर पुढं हातभर कापडात तो दोष उतरत जातो, तसंच हे आहे.

मणक्याच्या रुग्णाची अडचण थोडी जास्त असते. पोटाच्या ऑपरेशनला आलेला माणूस काल-परवापर्यंत बहुधा धडधाकट असतो. मणक्याचा रुग्ण महिनोन्‌महिने दुखणं घेऊन आलेला असतो. त्याच्या नसा आधीच चिडलेल्या असतात आणि अंगाला गोळ्यांची सवय झालेली असते. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या माणसाला जे औषध पुरलं, ते तुम्हाला पुरेलच असं नाही.

आता खरं काय ते सांगायला हवं. ‘चीर देण्यापूर्वी एक गोळी द्या आणि दुखणं गायब’ ही सुरुवातीची आशा पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. तेच औषध आधी दिलं काय आणि नंतर दिलं काय, फरक पुष्कळदा अगदी थोडा निघाला. टिकलं ते असं: आधी, ऑपरेशन चालू असताना आणि नंतर अशी साखळी तुटू द्यायची नाही, आणि वेगवेगळ्या पद्धतीनं काम करणारी दोन-तीन साधी औषधं एकत्र वापरायची. त्यामुळं अफूच्या जातीची कडक औषधं कमी लागतात, आणि त्यांच्या मागून येणारी मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगीही कमी होते. ‘ऑपरेशनआधीची गोळी’ हा या साखळीतला पहिला दुवा. तो महत्त्वाचा खरा, पण एकटा पुरेसा नाही.

कुठल्या गोळ्या?

सगळ्यात भरवशाची गोळी तीच, जी आपण तापावर घेतो. पॅरासिटामॉल. तिचं नाव ऐकून ‘एवढ्या मोठ्या ऑपरेशनला ही?’ असं वाटेल. पण मणक्याच्या ऑपरेशनसाठी भूलतज्ज्ञांनी केलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत ती पहिल्या रांगेत आहे. साधारणपणे एक ग्रॅम ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशन चालू असताना देतात आणि पुढं ठरल्या वेळेला देत राहतात. तब्येतीनं ठीक असलेल्या प्रौढ माणसाची चोवीस तासांतली मर्यादा चार ग्रॅम. अंगानं किरकोळ माणूस, यकृताचा त्रास असलेला किंवा रोज पिणारा असेल तर त्याहून कमी.

तिच्या जोडीला सूज उतरवणारं पेनकिलर, बहुधा सेलेकॉक्सिब किंवा त्याच्या जातीचं. हे चांगलं काम करतं, पण सगळ्यांना चालत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल, अल्सर असेल, हृदयविकार असेल, पेनकिलरनं दमा उसळत असेल तर ते टाळतात. मणक्यात स्क्रू-पट्टी घालून दोन मणके जोडायचे असतील, तर हाड सांधण्यावर परिणाम होईल म्हणून काही सर्जन ही औषधं टाळतात, काही जण थोडे दिवस चालवून घेतात. तुमच्या सर्जनचं मत काय, ते सरळ विचारा.

तिसरं औषध जरा जास्त सांगण्यासारखं आहे, कारण आपल्याकडं तेच सगळ्यात जास्त चालतं आणि त्याच्याविषयीच सगळ्यात कमी माहिती असते. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन. मूळची फिट्सवरची ही औषधं नसांच्या दुखण्यावर वापरली जातात. ऑपरेशनच्या एक-दोन तास आधी प्रीगॅबालिनची ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची गोळी द्यायची पद्धत जगभर रूढ झाली. मणक्याच्या ऑपरेशनवरच्या छोट्या अभ्यासांत तिनं पहिल्या दिवसाचं दुखणं कमी झाल्याचं दिसलं. पण २०२० मध्ये सगळ्या तऱ्हेच्या ऑपरेशनवरचे २८१ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा रुग्णाला जाणवेल एवढा फायदा निघाला नाही, उलट चक्कर येणं आणि धूसर दिसणं वाढलेलं आढळलं. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं इशारा दिला होता की म्हातारी माणसं, फुप्फुसाचे रुग्ण आणि अफूवर्गातली औषधं चालू असणारे यांच्यात या गोळ्यांनी श्वास मंदावू शकतो.

याचा अर्थ ही गोळी वाईट असा नाही. ती सरसकट सगळ्यांना द्यायची गोळी नाही, एवढंच. पन्नाशीच्या आतला, पायात विजेसारखी कळ जाणारा, बाकी ठणठणीत असा रुग्ण असेल तर डॉक्टर ती देतीलही. पंच्याहत्तरीच्या आजीला, जिचा रात्री उठून बाथरूमला जाताना आधीच तोल जातो, तिला ती दिली जात असेल तर घरच्यांनी ‘ही लागतेच का? डोस कमी करता येईल का?’ असं विचारावं. विचारलं म्हणून कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

पिशवीत काय आहे?

ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर तपासतात. आपण त्याला ‘फिटनेस काढणं’ म्हणतो आणि सही-शिक्क्याचं काम समजतो. माझ्या मते दुखण्याच्या दृष्टीनं सगळ्या उपचारातली सगळ्यात महत्त्वाची भेट हीच. मग नेहरूनगरचं केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल असो, सिव्हिल असो, नाहीतर आपल्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातात ते मिरज असो. तिथं पहिला प्रश्न असतो, ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ आणि उत्तर येतं, ‘बीपीची एक, शुगरची एक, आणि ती नसांची.’

ती ‘नसांची’ म्हणजे काय, हे बघायला पट्टी हातात घ्यावी तर ती कापलेली. मेडिकलवाल्यानं दहातल्या चार कापून दिल्या, नाव आणि मुदत राहिलेल्या सहांबरोबर दुकानातच राहिली. मागं चंदेरी कागदावर दोन-तीन अक्षरं आणि अर्धा आकडा. अशा पट्टीवरून डॉक्टरांनी काय ओळखायचं? म्हणून गोळ्या घेताना बिल मागून घ्या, किंवा पट्टी कापायच्या आधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. भेटीला जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, मलमं, पुड्या एका पिशवीत घालून घेऊन जा. चिठ्ठीपेक्षा पिशवी खरं बोलते.

या ‘नसांच्या’ गोळीला पुष्कळ जण व्हिटॅमिनची गोळी समजतात, कारण तिच्यात मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२ असतं. पण त्याच गोळीत बऱ्याचदा प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन असतं, कधी नॉरट्रिप्टिलिनही असतं. डॉक्टरांना ते कळलं नाही तर ऑपरेशनच्या सकाळी प्रीगॅबालिनचा दुसरा डोस वर पडतो. उलट तुम्ही ‘ऑपरेशन आहे, व्हिटॅमिन कशाला’ म्हणून ती एकदम बंद केलीत, तर झोप उडणं, घाम, बेचैनी सुरू होते आणि दुखणं आणखी चढतं. चालू असलेली ही गोळी स्वतःच्या मनानं थांबवू नका.

पेनकिलरचंही तसंच. कंबरदुखीवर दिलेल्या गोळीत ॲसिक्लोफेनॅक असतं, पॅरासिटामॉल असतं, कधी तिसरंही काही असतं. वरून अंग दुखतंय म्हणून ६५० ची गोळी घेतली की पॅरासिटामॉल दुप्पट होतं आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो.

ट्रामाडॉल किंवा टॅपेन्टाडॉल बरेच दिवस चालू असेल तर ते न लाजता सांगा. ट्रामाडॉल २०१८ पासून आपल्याकडं अमली आणि मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, म्हणून काही जण ते घेतो हे लपवतात. ते लपवलं की भूलतज्ज्ञांचा अंदाज चुकतो. ज्याच्या अंगाला या औषधाची सवय झालीय त्याला नेहमीचा डोस कमी पडतो, आणि पहिली रात्र तळमळत जाते. रोजच्या दारूचंही असंच आहे. बायको-मुलांसमोर सांगायचं नसेल तर डॉक्टरांना म्हणा, ‘दोन मिनिटं एकट्यानं बोलायचंय.’ पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं की भूल चढली.

झाडपाल्याच्या पुड्यांविषयी कळकळीनं सांगतो. सांधेदुखीवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या काही पुड्या-गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते महिनोन्‌महिने पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब एकदम कोसळू शकतो. पुडी कुणी दिली, खरी की खोटी, यावर डॉक्टरांशी वाद घालायचा नाही. फक्त ‘ही घेतोय’ एवढं सांगायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन आणि त्यांची नवी भावंडं, कधी थांबवायच्या हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. स्टेंट बसवलेल्या माणसानं त्या परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी त्या सकाळी बहुधा टाळतात, मेटोप्रोलॉलसारखी मात्र चालू ठेवतात. म्हणून ‘बीपीची एक’ असं सांगून भागत नाही.

तंबाखू

निपाणीच्या परिसरात तंबाखूवर संसार उभे राहिले, १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं मोठं आंदोलनही इथंच झालं. म्हणून हे लिहिताना जपून लिहितोय, पण लिहायलाच हवं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला ऑपरेशननंतर दुखण्याची औषधं जास्त लागतात, जखम उशिरा भरते, आणि निकोटिनमुळं हाडाला रक्त कमी पोचल्यानं जोडलेले मणके न सांधण्याचा धोका वाढतो. निकोटिन मिश्रीतही असतं, तपकिरीत असतं, गुटख्यात असतं. ‘मी ओढत नाही, नुसती मिश्री लावते’ यानं सुटका होत नाही. निदान चार आठवडे आधी बंद करा, आणि मणके जोडायचे असतील तर नंतरही काही महिने. हे कुठल्याही गोळीइतकंच गुणकारी औषध आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. सुटत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सोडवण्यासाठी औषधं आहेत.

ऑपरेशनची सकाळ आणि पहिले दोन दिवस

जडान्न आठ तास आधी बंद, हलकं खाणं सहा तास आधी बंद. दुधाचा चहा हा खाण्यातच धरतात. पहाटे पाचला नुसता अर्धा कप घेतला म्हणून ऑपरेशन पुढं ढकललं जातं. साधं पाणी मात्र बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तुमच्या हॉस्पिटलचा नियम विचारून घ्या. डॉक्टरांनी सांगितलेली सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच. ‘निरंकार पोट’ म्हणून ती टाळली तर साखळीतला पहिलाच दुवा गळाला.

ऑपरेशन थिएटरातलं काम डॉक्टरांचं. तिथं चिरेच्या जागी बधिरतेचं औषध भरतात, काही ठिकाणी पाठीच्या स्नायूंच्या थरात त्याचं इंजेक्शन देतात, मोठ्या ऑपरेशनला केटामाइनसारखं औषध सलाईनमधून थोड्या प्रमाणात सोडतात. आधी भेटीत तुम्ही एवढं विचारा, ‘जखमेत बधिरतेचं औषध घालणार ना? पहिल्या रात्री दुखलं तर काय देणार, आणि कुणाला सांगायचं?’

शुद्धीवर आल्यावर दोन दुखणी वेगवेगळी ओळखायला शिका. पायात उतरणारी जुनी कळ बऱ्याच जणांची लगेच कमी झालेली असते. पाठीत चिरेच्या जागी ठणका असतो, तो नवा, आणि पहिले दोन-तीन दिवस जास्त. बधिरपणा आणि मुंग्या सगळ्यात उशिरा जातात, त्यांना महिनेही लागतात, आणि त्या पेनकिलरनं जात नाहीत. हे माहीत नसलं की माणूस मुंग्यांसाठी कडक इंजेक्शनं मागत बसतो.

सिस्टर येऊन कन्नडमध्ये विचारतील, ‘नोवु ऐतेन्री?’ म्हणजे ‘दुखतंय का?’ आपल्यातल्या अनेक माणसांना, विशेषतः मागाच्या घरांतल्या बायकांना, ‘नाही, बरं आहे’ म्हणायची सवय असते. त्रास द्यायला नको वाटतं. असं करू नका. दहापैकी आकडा सांगा, आणि त्याहून बरं म्हणजे काय जमत नाही ते सांगा, ‘कुशीवर वळता येत नाही, खोकता येत नाही, उठून बसता येत नाही.’ दुखणं मोजायचं ते यासाठीच की तुम्ही लवकर उठून चालावं. ठरल्या वेळेची पॅरासिटामॉल दुखत नसलं तरी घ्यायची. ती तेव्हा घेतली म्हणून तर दुखत नाही.

सोबत बसणाऱ्या नातेवाइकांना एक सांगणं आहे. अण्णा कण्हतायत म्हणून दर तासाला झोपेचं इंजेक्शन मागू नका. कडक औषधांवर माणूस हाक मारूनही जागा होईना, श्वास फार संथ पडला, घोरणं मध्येच थांबायला लागलं, तर ‘झोपू देत बिचाऱ्याला’ म्हणून बसायचं नाही, सिस्टरना त्याच क्षणी बोलवायचं. हाताशी औषधाचं बटण दिलेलं असेल तर ते फक्त रुग्णानं दाबायचं. मुलानं काळजीपोटी दाबलं तरी ते घातकच.

घरी आल्यावर

घरी आल्यावर कडक औषधं आधी कमी करत जातात, पॅरासिटामॉल शेवटी. प्रीगॅबालिन चालू असेल तर ती डॉक्टर सांगतील तशी पायरीपायरीनं उतरवायची. या गोळ्या चालू असेपर्यंत दुचाकी चालवायची नाही, कपिलेश्वर पुलापलीकडं ‘इथंच जाऊन येतो’ असंही नाही. जुन्या पिशवीतल्या उरलेल्या पेनकिलर नव्या गोळ्यांच्या जोडीला घेऊ नका. शौचाला खडा होतो तो ट्रामाडॉलसारख्या औषधानं, आणि कुंथल्यानं पाठीवर जोर पडतो. म्हणून पाणी, ताक, पालेभाजी आणि डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध पहिल्या दिवसापासूनच चालू ठेवा.

ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू यायला लागला, पायातली ताकद नव्यानं कमी झाली, लघवी अडकली, पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं, यातलं काहीही झालं तर गोळी वाढवून बघू नका. त्या रात्रीच हॉस्पिटल गाठा, सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.